जुन्या वाड्याचं वायरिंग नव्याने करताना

बिल्डिंग सर्व्हिसेसमध्ये तयार झालेला इलेक्ट्रिकल इंजिनिअर पहिल्यांदा वाड्याच्या दुरुस्तीवर जातो, तेव्हा लोड आणि पॉइंट मोजून थेट ड्रॉइंगला बसतो. पुण्या-साताऱ्याकडच्या वाड्यात ते चालत नाही. तिथे वायर कुठून न्यायची हे आधी ठरवावं लागतं आणि डीबीची, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीची, जागासुद्धा त्यावरूनच निघते. त्यामुळे अंदाजपत्रक करण्याआधी वास्तुसंवर्धकाबरोबर प्रत्येक खोली बघून घ्या. इमारत वारसा यादीत असेल तर महापालिकेच्या वारसा समितीची परवानगीही आधीच विचारा.

जुनं वायरिंग बहुधा सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसवलेलं असतं. वायरवरचं रबर सुकून कडक झालेलं असतं, वाकवलं की त्याचा भुगा पडतो. म्हणून जुन्या वायरला नवी जोडू नका, सगळी काढा. काढण्याआधी प्रत्येक होल्डर बटण बंद ठेवून तपासा. जुन्या कामात न्यूट्रललाही फ्यूज असतो, कधी बटणच न्यूट्रलवर असतं. अशा ठिकाणी दिवा विझलेला दिसतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंत असतो.

आता भिंत. वायर दडवायला भिंतीत खाच, म्हणजे झिरी, पाडतात. त्यासाठी चुन्याच्या गिलाव्यावर हॅमर ड्रिल चालवलं की झिरीच्या दोन्ही बाजूंचा गिलावा पोकळ होतो. त्यावर सिमेंट भरणं तर सर्वांत वाईट. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, ती बाजूच्या चुन्यात शिरते आणि काही पावसाळ्यांत तिथला गिलावा फुगून पडतो. झिरी टाळता येत नसेल तर ती हाताने, छिन्नीने काढा आणि चुना-वाळूचे पातळ थर देऊन भरा. आमचं स्पष्ट मत, शक्य तिथे वायर भिंतीवरूनच न्या.

त्यासाठी तांब्याच्या नळीतली, खनिज भुकटीचं इन्सुलेशन असलेली केबल उत्तम. ती बारीक असते, जळत नाही, तुळईच्या कडेने नेली तर चटकन नजरेत येत नाही. मात्र आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी हवेतली ओल ओढते. कापलेलं टोक त्याच दिवशी सील करा. मेगरचं, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरचं, रीडिंग कमी आलं तर टोकाकडचा ५ ते १० सेंटिमीटर तुकडा कापून पुन्हा मोजा. लाकडी माळ्याखाली बर्नर लावून टोक सुकवायला जाऊ नका.

कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, कडीला भोक पाडायचंच असेल तर ते उंचीच्या मध्यावर, उंचीच्या पाव भागाहून लहान आणि आधारापासून गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) ०.२५ ते ०.४ पट अंतरात हवं. ४ मीटरच्या गाळ्यात म्हणजे भिंतीपासून १ ते १.६ मीटरच्या पट्ट्यात. हा नियम निरोगी लाकडाचा आहे. वाळवी दिसली की स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिल उचलू नका.

चौक ओलांडून जाताना वायर लांबते, तिथे व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत होणारी व्होल्टेजची घट, मोजा. ३० मीटरवर १६ अँपिअरला २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये सुमारे ७.७ व्होल्ट पडतात, ४ चौरस मिलिमीटरमध्ये ४.८. गीझर, एसी लांब असेल तर ४ घ्या.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा ब्रेकर, लावली आणि ती विनाकारण पडू लागली, तर आधी न्यूट्रल बघा. दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालेले असतात. हे टाळायला प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल डीबीपासून वेगळा न्या आणि त्याला नंबर घाला. अर्थिंगसाठी नवा खड्डा घ्या, पण जोत्यापासून दूर. त्यात टाकलेलं पाणी वाड्याच्या पायामध्ये मुरता कामा नये.

शेवटी बल्ब आणि उपकरणं काढून ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक सर्किट तपासा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर चालू करू नका. परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल घ्या आणि हीच चाचणी पहिल्या पावसाळ्यात, भिंती ओल्या असताना, परत करायची अट करारातच लिहा.