देवमाशाच्या बुडीचा ऑक्सिजन-हिशेब कसा मांडावा

खोल बुडी मारणारा देवमासा श्वास किती वेळ रोखू शकेल, याचा अंदाज बांधताना प्रथम फुफ्फुसांचा विचार मनात येतो आणि हिशेब तिथेच फसतो. खोल पाण्याच्या दाबाने फुफ्फुसे मिटत जातात व रक्ताशी होणारी वायूंची देवाणघेवाण जवळपास थांबते. त्यामुळे रक्तात नायट्रोजनही कमी मिसळतो. म्हणून फुफ्फुसांतील हवेचा वाटा अगदी थोडा धरावा.

आधी रक्त मोजावे. माणसात दर किलो वजनामागे सुमारे 70 मिलिलिटर रक्त असते, तर स्पर्म व्हेल या खोल बुडी मारणाऱ्या देवमाशात सुमारे 200, आणि त्यातील हिमोग्लोबिनही अधिक असते.

त्यानंतर स्नायू घ्यावेत, कारण खरे वेगळेपण तिथे आहे. स्पर्म व्हेलच्या एक किलो स्नायूत 50 ग्रॅमहून अधिक मायोग्लोबिन (स्नायूंत ऑक्सिजन धरून ठेवणारे प्रथिन) असते, म्हणजे माणसाच्या सुमारे दहापट, आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम साधारण 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन धरतो. इतक्या दाटीत प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटून निकामी झाले असते. पण त्यांच्या पृष्ठभागावरील धन प्रभार त्यांना परस्परांपासून दूर ठेवतो, ही उत्क्रांतीची मला सर्वांत विलक्षण वाटणारी युक्ती आहे. (जॉन केंड्रू यांनी 1958 मध्ये प्रथिनाची पहिली त्रिमितीय रचना उलगडली, ती स्पर्म व्हेलच्याच मायोग्लोबिनची.)

साठा ठरला की त्याला खर्चाच्या दराने भागावे. शरीराच्या दर किलोमागे 80 मिलिलिटर ऑक्सिजनचा साठा आणि मिनिटाला 2 मिलिलिटर खर्च धरल्यास उत्तर 40 मिनिटे येते. मात्र हा दर पृष्ठभागावरील श्वसनावरून ठरवू नये. बुडीत हृदयाचे ठोके मंदावतात, आतडी व मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आखडतो, रक्त मुख्यतः मेंदू व हृदयाकडे वळते, आणि उतरताना प्राणी बराच वेळ शेपटी न हलवता नुसता घसरत जातो.

शेवटी उत्तर प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहावे. हा साठा पुरण्याची मर्यादा ओलांडली की विनॉक्सीश्वसन (ऑक्सिजनविना ऊर्जा मिळवणे) वाढते आणि त्यातून तयार होणारे लॅक्टेट रक्तात साचते. संशोधक जेराल्ड कूयमन यांनी अंटार्क्टिकातील वेडेल सीलवर हे मोजून दाखवले. क्युव्हिएच्या चोचदार देवमाशासाठी रूढ गणिताने मर्यादा सुमारे 33 मिनिटे येते, पण 2017 मध्ये एका बुडीची नोंद 222 मिनिटांची झाली. अशी तफावत दिसल्यास साठ्याचा आकडा फुगवू नये. प्रथम खर्चाचा दर कमी धरून पुन्हा भागाकार करावा, आणि उरलेला फरक विनॉक्सीश्वसनाच्या खात्यात टाकावा.