फायबर जोडताना या चुका टाळा

नेटवर्क स्विचमध्ये एसएफपी मॉड्यूल (विद्युत संकेत आणि प्रकाश यांचे परस्पर रूपांतर करणारा छोटा भाग) बसवले, पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी फायबर केबल) लावली आणि तरीही लिंकचा दिवा लागला नाही, की बहुतेक जण थेट मॉड्यूल बदलायला घेतात. दोष मात्र बऱ्याचदा कनेक्टरच्या टोकावर असतो. सिंगल मोड फायबरच्या, म्हणजे लांब अंतरासाठी वापरल्या जाणाऱ्या काचेच्या तंतूच्या, ज्या गाभ्यातून प्रकाश जातो त्याचा व्यास जेमतेम ९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही तो झाकू शकतो. शिवाय दोन टोके एकमेकांवर दाबली गेली की तोच कण काचेवर कायमचा ओरखडा पाडतो. म्हणून जोडण्यापूर्वी दोन्ही बाजू, म्हणजे कॉर्डचे टोक आणि पोर्टचा आतला भागही, क्लीनर पेनने पुसावेत. पाकिटातून नुकतीच काढलेली कॉर्डही याला अपवाद नाही, कारण डस्ट कॅपच्या आतही धूळ असते. तोंडाने फुंकर मारणे किंवा शर्टाला टोक पुसणे यांमुळे ओलावा, तेलकटपणा आणि धागे त्यावर बसतात.

प्रकाश येतो का, हे पाहण्यासाठी टोक डोळ्यांसमोर धरणे ही सर्वांत धोक्याची चूक आहे. ८५०, १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश अवरक्त असल्याने दिसत नाही, आणि तो दिसत नसल्यामुळेच पापणी आपोआप मिटत नाही. कमी अंतराच्या बहुतेक मॉड्यूलांची शक्ती अल्प असते हे खरे, पण लाईनवर पुढे अ‍ॅम्प्लिफायर (प्रकाशाची शक्ती वाढवणारे उपकरण) असेल तर ते बाहेरून ओळखता येत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यावरही विसंबू नये, कारण १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश त्याला टिपता येत नाही. मोजणी प्रकाशाची शक्ती मोजणाऱ्या पॉवर मीटरनेच करावी, आणि फायबर मायक्रोस्कोप लावण्यापूर्वी दोन्ही टोकांची उपकरणे बंद असल्याची खात्री करावी.

स्वच्छता करूनही लिंक येत नसेल, तर जोडणी तपासावी. दोन फायबरच्या जोडणीत एका बाजूचे प्रसारण दुसऱ्या बाजूच्या ग्रहणाला मिळायला हवे. तसे नसल्यास एकाच टोकाला अदलाबदल करावी, दोन्ही टोकांना केल्यास चूक तशीच राहते. हिरव्या एपीसी कनेक्टरचे टोक ८ अंशांनी तिरपे घासलेले असते, म्हणून ते तिरपे न घासलेल्या निळ्या यूपीसी कनेक्टरला कधीही जोडू नये. ८० किलोमीटरचे मॉड्यूल छोट्या कॉर्डने थेट जोडल्यास समोरचा रिसीव्हर निकामी होऊ शकतो, तिथे अ‍ॅटेन्युएटर (प्रकाशाची शक्ती कमी करणारा जोडभाग) अनिवार्य आहे.

१३१० च्या तुलनेत १५५० नॅनोमीटरवर प्रकाशाच्या शक्तीतील घट अनपेक्षितपणे जास्त दिसली, तर केबल कुठेतरी तीव्र वळली आहे असे समजून घट्ट आवळलेले केबल टाय आधी शोधावेत आणि त्यांच्या जागी वेल्क्रोच्या पट्ट्या वापराव्यात.

फायबर कापताना सुरक्षा चष्मा घालावा आणि काचेचे तुकडे झाकणाच्या डब्यात टाकावेत; ते त्वचेत शिरल्यास सहज सापडत नाहीत, म्हणून त्या टेबलावर खाणेपिणे पूर्णपणे वर्ज्य ठेवावे.