एचटी-२ चे आकडे आणि धुळ्याचा मे महिना

शिरपूर तालुक्यातल्या गावातून वैमानिक व्हायला निघालो, तेव्हा विमान म्हणजे वेग एवढंच डोक्यात होतं. ग्राउंड क्लासला हवाई दलातून निवृत्त झालेले एक सर होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर ज्या विमानाचे आकडे मांडले, ते आम्ही जन्मायच्या आधीच सेवेतून गेलेलं होतं: एचटी-२. मागून कुणीतरी विचारलं, "सर, हे परीक्षेला येतं का?" सर म्हणाले, "नाही येत. म्हणून नीट कळेल."

एचटी-२ म्हणजे एकामागे एक अशा दोन जागांचं, शेपटीला चाक असलेलं, हवाई कसरती करू शकणारं शिकाऊ विमान. रचना डॉ. विष्णु माधव घाटगे यांची. ते जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले. पहिलं उड्डाण ऑगस्ट १९५१ मध्ये झालं. भारतात रचना होऊन कारखान्यात उत्पादनाला गेलेलं हे पहिलं इंजिनाचं विमान. हवाई दलात टायगर मॉथची जागा यानेच घेतली.

आता आकडे. सिरस मेजर इंजिन १५५ अश्वशक्तीचं, भरलेलं वजन सुमारे १०१६ किलो, कमाल वेग ताशी साधारण २०९ किलोमीटर. आम्ही हसलो, कारण रात्री मुंबई-आग्रा रोडवर काही महाभाग जवळपास तेवढ्यानेच पळवतात. सरांनी तो आकडा पुसला आणि उरलेल्या दोनांखाली रेघ मारली: चढण्याचा दर मिनिटाला ८०० फूट आणि सर्व्हिस सीलिंग १४,५०० फूट. सर्व्हिस सीलिंग म्हणजे जिथे चढण्याचा दर मिनिटाला १०० फुटांवर येतो ती उंची. नवख्यांनी कुठल्याही विमानाचा तक्ता आधी इथून वाचावा.

मग गृहपाठ: धुळ्याहून मे महिन्याच्या दुपारी ४००० फूट चढायला किती वेळ लागेल? मी ४००० ला ८०० ने भागून ५ मिनिटं लिहिली. वहीत लाल शाईत दोनच शब्द आले: "कुठे? कधी?"

तक्त्यातला ८०० हा समुद्रसपाटीचा आणि १५ अंशांचा. गोंदूरची, म्हणजे धुळ्याच्या विमानतळाची, धावपट्टी मी ढोबळ ८५० फुटांवर धरतो. तिथे प्रमाण तापमान १३ अंशांच्या आसपास, आणि आपल्याकडे पारा ४३. फरक ३० अंशांचा. दर अंशाला साधारण १२० फूट धरा. म्हणजे चाकं जमिनीवर असतानाच विमानाला वाटतं आपण ४४०० फुटांवर आहोत. यालाच डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. सरळ रेषेचं ढोबळ गणित केलं तर तिथे चढण्याचा दर ५९० च्या जवळ येतो आणि वर जाता जाता आणखी घटतो. प्रमाण हवामानात त्या ४००० फुटांना ६ मिनिटं लागतील, मेमध्ये ८.

दोन मिनिटांनी काय बिघडतं? कसरतींत बरंच बिघडतं. एवढ्या कमी ताकदीचं विमान सरळ उड्डाणातून लूपमध्ये, म्हणजे हवेतल्या उभ्या वर्तुळात, जात नाही. आधी नाक खाली घालून वेग घ्यावा लागतो, म्हणजे उंची खर्च होते. आमच्याकडे विहीर उपसली की पाणी परत यायची वाट बघतात, तसंच. लूप हा उपसा, चढणं हे झरे, आणि मेमध्ये झरे आटलेले. त्यात स्पीड इंडिकेटरवर आकडा तोच दिसला तरी विरळ हवेत खरा वेग जास्त असतो, त्यामुळे लूपचा घेर सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. खाली जमीन मात्र तिथेच असते.

आणखी एक. ४ जी खेचले, म्हणजे पंखांवर वजनाच्या चौपट भार आला, तर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमानाला पेलत नाहीत तो) दुप्पट होतो, कारण तो जी च्या वर्गमुळाने वाढतो. हे मला तीनदा समजावून घ्यावं लागलं.

शेपटीच्या चाकाबद्दल थोडक्यात: गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागे असतो, म्हणून उतरल्यावर विमान जरा वाकडं झालं की शेपूट पुढे यायला बघते. पाय रडरवर (शेपटीच्या सुकाणूच्या पेडलवर) जिवंत हवेत. आम्ही शिकलो ते सेस्नावर, तिला नाकाखाली चाक, त्यामुळे हे सुख-दुःख कानानेच ऐकलं.

२०० तासांच्या सीपीएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवान्यात, लूप-रोल नसतात, हे घरी सांगून टाका. माझ्या आजीने पहिला प्रश्न तोच केला होता: "इतलं वर जाईसन उलटा कसाले व्हस रे तू?"

सरांनी पुढचा गृहपाठ जानेवारीच्या सकाळचा दिला. तापमान १० अंश. डेन्सिटी अल्टिट्यूडचं उत्तर साधारण ४५० फूट, म्हणजे धावपट्टीच्याही खाली! तोवर पहाटेच्या सॉर्टीसाठी (उड्डाणाच्या फेरीसाठी) रूम पार्टनर मला ओढून उठवायचा. त्या दिवसापासून साडेचारचा गजर मीच लावतो.