भुसावळात बसून फुटी कशी बघावी, आणि मधल्या सुट्टीत काय वाजवावं

फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, आणि सुट्टीत वाजवायचं ते तिकडचं रॉक. आधी घड्याळाचं गणित. मेलबर्नचं घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास. मार्चमध्ये हंगाम सुरू होतो तेव्हा तिकडे उन्हाळी वेळ चालू असते, म्हणून फरक साडेपाच तासांचा. एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे येतात आणि मग सप्टेंबर संपेपर्यंत साडेचारच. पर्थ मात्र बारा महिने फक्त अडीच तास पुढे. म्हणजे शुक्रवारी रात्री पावणेआठच्या सुमाराला मेलबर्नला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुपारी सव्वातीनला, आणि शनिवारी दुपारचा सामना सकाळी नऊ-साडेनऊला. खान्देशातल्या माणसाला याहून सोयीची वेळ कुठली? मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, अकरा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नसतं, कूलरसमोरून उठवत नाही. माझा साउंड सिस्टीमचा धंदा आहे. लग्नसराईत रात्री उशिरा सामान उतरवून घरी येतो, संध्याकाळी पुन्हा गाडी भरायची असते. मधली दुपार माझी, आणि ती मी ऑस्ट्रेलियन फुटबॉलला देतो. तिकडच्या मुख्य स्पर्धेला एएफएल, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग म्हणतात; भारतातून सामने बघायला ‘वॉच एएफएल’ नावाची सेवा आहे. आधी एखादा जुना सामना यूट्यूबवर बघा, मग पैसे भरायचे की नाही ते ठरवा.

मैदान तुमच्या ओळखीचं आहे. २३ ऑक्टोबर २०२२ ला पाकिस्तानविरुद्ध कोहलीने नाबाद ८२ धावा केल्या, ते हेच एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. बॉक्सिंग डेच्या कसोटीला आपण पहाटे पाचला उठतो, तीही इथलीच. या खेळाचं क्रिकेटशी नातंच आहे. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने पत्र लिहून सुचवलं की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग मोकळं राहावं म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. मे १८५९ मध्ये मेलबर्न क्लबच्या मंडळींनी नियम लिहून काढले. म्हणून आजही हा खेळ क्रिकेटच्या लंबगोल मैदानावरच चालतो, आणि मैदान लांबीला १३५ ते १८५ मीटर असतं. ही लांबी ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

आता गुण. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात, मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. मधल्या दोन खांबांमधून पायाने मारलेला चेंडू कुणाचाही हात न लागता गेला की गोल, ६ गुण. कडेच्या फटीतून गेला किंवा उंच खांबाला लागला की बिहाइंड, १ गुण. खांबांपाशी गोल पंच उभा असतो. त्याने दोन्ही हातांची बोटं पुढे केली की सहा, एकच बोट केलं की एक. पारोळ्याहून सुट्टीत आलेला माझा पुतण्या पहिल्यांदा बघत होता तेव्हा म्हणाला, “काका, हाऊ कोनता खेय शे?” मी त्याला बाकी काही न सांगता फक्त त्या पंचाच्या बोटांकडे बघायला सांगितलं. पहिला क्वार्टर संपेपर्यंत तो स्वतः गुण मोजून मला सांगायला लागला. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

धावफलक कसा वाचायचा ते २०२३ च्या अंतिम सामन्यावरून सांगतो. त्या वर्षी अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला होती आणि हा सामना ३० तारखेला. विसर्जनाचं सामान नुकतं गोडाउनला लागलं होतं, केबल गुंडाळायच्या बाकी होत्या. सकाळी दहाला कोणताही फोन न उचलता बसलो. कॉलिंगवूड १२.१८, म्हणजे १२ गोल आणि १८ बिहाइंड, एकूण ९०. ब्रिस्बेन १३.८, एकूण ८६. ब्रिस्बेनचा एक गोल जास्त होता, तरी कॉलिंगवूड ४ गुणांनी जिंकलं. नेम थोडक्यात चुकला तरी तो इथे वाया जात नाही, आणि शेवटच्या दोन मिनिटांत तो एक-एक गुण डोंगराएवढा होतो. सामन्याआधी ‘किस’ बँड वाजला होता, तोंडं रंगवून, पूर्ण पोशाखात. एक लाखाच्या वर माणूस होता मैदानात.

बाकीचे नियम बघता बघता कळतात, फक्त चार सांगतो. पंधरा मीटर किंवा जास्त लांबून मारलेला चेंडू हवेतच झेलला की तो मार्क; झेलणाऱ्याला निवांत किक मिळते, त्याला कुणी अडवायचं नाही. चेंडू हाताने फेकायचा नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसायचा, याला हँडबॉल म्हणतात. चेंडू घेऊन पळताना दर पंधरा मीटरला जमिनीला टेकवायचा किंवा टप्पा द्यायचा. आणि संधी असूनही चेंडू सोडला नाही, तेवढ्यात पकडला गेला, तर फ्री किक समोरच्याला. त्या क्षणी अख्खं मैदान “बॉऽऽल” म्हणून गरजतं. तो आवाज ऐकण्यासाठी तरी टीव्ही छोट्या स्पीकरवर ठेवू नका. खरा बॉक्स जोडा, शंभर हर्ट्झच्या खालचा बेस उतरवा, दोन-तीन हजारांच्या आसपास किंचित चढवा. कॉमेंट्री सुटी होते आणि गर्दीही मरत नाही.

यापुढचं जरा सावकाश वाचा, कारण माझ्या मते खेळ इथेच आहे. या खेळात ऑफसाइड नाही. छत्तीस खेळाडू एवढ्या मोठ्या मैदानावर कुठेही उभे राहू शकतात. नवा माणूस चेंडूच्या मागे डोळे पळवतो, आणि त्याला नुसती झोंबाझोंबी दिसते. चेंडू सोडून द्या. कुणी मार्क घेतला की तो चार पावलं मागे जातो आणि कॅमेरा थोडा लांबून दाखवतो. ते तीन-चार सेकंद स्क्रीनच्या वरच्या कडेकडे बघा. कोण एका बाजूला पळून बचावपटूला खेचून नेतोय, आणि त्याने रिकामी केलेल्या जागेत मागून दुसरा कोण शिरतोय? किक त्या दुसऱ्याला जाणार असते. पहिला पळाला त्याचं नाव कॉमेंट्रीत येत नाही, पण गोल निम्मा त्याचा असतो.

हे शिकण्यासाठी १९७० चा अंतिम सामना शोधून बघा. कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड, १,२१,६९६ प्रेक्षक, हा आजही विक्रम आहे. अर्धा सामना झाला तेव्हा कार्लटन ४४ गुणांनी मागे. प्रशिक्षक रॉन बरासीने मधल्या सुट्टीत सांगितलं, हँडबॉल करा, थांबू नका. उत्तरार्धात टेड हॉपकिन्स नावाचा राखीव खेळाडू उतरला, त्याने चार गोल केले, आणि कार्लटन १० गुणांनी जिंकलं. ॲलेक्स जेसॉलेंकोने दुसऱ्याच्या खांद्यावर चढून घेतलेला मार्कही त्याच सामन्यातला, तो सगळे दाखवतात. तुम्ही मात्र ठोशाने दिलेला चेंडू घ्यायला कोण कुठून पळत येतं ते बघा.

रॉकचंही हेच आहे, आणि म्हणून मी दोन्ही एकत्र शिकवतो. आमच्या भुसावळच्या रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर लोकांची घरं होती. त्यांच्या ओट्यावर कॅसेट वाजायच्या आणि आम्ही पोरं कुंपणाला लटकून ऐकायचो. त्यातली बरीच कुटुंबं पुढे पर्थ-मेलबर्नला गेली. आमच्या शेजारचे अंकल जाताना कॅसेटचा डबा मला देऊन गेले, आणि तिकडून त्यांच्या पत्रांत फुटीचं वर्णन यायला लागलं. त्या डब्यात एसी-डीसी होतं, ऑस्ट्रेलियाचा रॉक बँड.

एसी-डीसी ऐकताना सगळ्यांचं लक्ष अँगस यंगकडे जातं. शाळेचा गणवेश घालून तो स्टेजभर नाचतो, त्याचे सोलो वाजतात. तुम्ही माल्कमला ऐका. अँगसचा थोरला भाऊ, मागे ॲम्प्लिफायरजवळ उभा राहून ऱ्हिदम गिटार वाजवायचा. १९८० चं ‘बॅक इन ब्लॅक’ लावा. सुरुवातीच्या कॉर्डनंतर आवाज एकदम कापलेला आहे, क्षणभर काही नाही, मग पुढचा कॉर्ड. ती मोकळी जागा त्याने राखली आहे म्हणून गाणं उभं राहतं. ॲम्प्लिफायरचा बॅलन्स एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून ऐका, दोन भावांच्या दोन गिटार वेगळ्या ऐकू येतील. फिल रडचा ड्रम तर इतका साधा, की आमच्या धंद्यातली नवी पोरं म्हणतात यात काय आहे. फिल रड मेलबर्नचा. एकही ठोका जास्तीचा मारत नाही, आणि म्हणूनच मोठ्या मैदानावर शेवटच्या माणसापर्यंत तो ठोका स्वच्छ पोहोचतो. मी मिक्सरवर बसणारा माणूस आहे, ही किमया मला रोज दिसते. माल्कम २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये गेला. त्याच्याएवढा उजवा हात मी दुसऱ्या कुणाचा ऐकलेला नाही.

आता सुट्ट्यांचा वापर. सामना चार क्वार्टरचा. प्रत्येक क्वार्टर वीस मिनिटांचा म्हणतात, पण वाया गेलेला वेळ मिळून तो तिसेक मिनिटांचा होतो. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर सहा-सहा मिनिटं सुट्टी, मध्ये वीस. सहा मिनिटांत एक गाणं पुरतं. पहिल्या सुट्टीला ‘इट्स अ लाँग वे टू द टॉप’ लावा, आणि व्हिडिओसकट. फेब्रुवारी १९७६ मध्ये मेलबर्नच्या स्वॉन्स्टन स्ट्रीटवर उघड्या ट्रकवर बँड चढवून तो काढला, बरोबर बॅगपाइपवाले. ट्रकवर सिस्टीम बांधून भर बाजारातून मिरवणूक न्यायची म्हणजे काय ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बॅगपाइप वाजवणारा गायक बॉन स्कॉट, फ्रीमँटलला वाढलेला.

मधल्या वीस मिनिटांत जुन्या रेकॉर्डची एक अख्खी बाजू बसते, कारण तीही वीसेक मिनिटांचीच असायची. गाणी उलटसुलट लावू नका, बाजू जशी काढली तशी ऐका. तेवढ्यात ज्वारीचे बिबडे भाजून होतात. तिसऱ्या सुट्टीला मेलबर्नच्या हंटर्स अँड कलेक्टर्सचं ‘होली ग्रेल’. १९९३ चं हे गाणं तिकडे अंतिम सामन्याशी कायमचं जोडलं गेलं आहे. सामना हरलात तर ‘खे सान’ लावा, कोल्ड चिझलचं, १९७८ चं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाची कहाणी. आणि माइक ब्रॅडीचं १९७९ चं ‘अप देअर कझाली’ पाठ करून ठेवा. रॉय कझाली उंच उडी मारायचा तेव्हा सोबतचे खेळाडू त्याला तशी आरोळी द्यायचे, त्यावरून ते गाणं. रॉकच्या चाहत्यांना ते थोडं साधं वाटेल, पण मैदानावर म्हातारेकोतारे ते उभं राहून गातात.

संघ निवडायचा तर तक्त्याच्या वरच्या टोकाला बघून निवडू नका. अठरा क्लब आहेत, एखादा आपला करा आणि त्याला सोडू नका. माझा फ्रीमँटल. जांभळा रंग, १९९५ साली आलेला क्लब, नाव डॉकर्स, म्हणजे गोदीत राबणाऱ्यांचा. बॉन स्कॉटची कबर त्याच गावात. भुसावळच्या लोको शेडशेजारी वाढलेल्या माणसाला कामकऱ्यांचा संघ जवळचा वाटणारच. २०१३ ला ते अंतिम सामन्यात हॉथॉर्नकडून १५ गुणांनी हरले, आणि २०२५ पर्यंत त्यांनी एकदाही किताब जिंकलेला नाही. मला त्याची लाज नाही, मी दर मार्चमध्ये नव्या उमेदीने बसतो. शिवाय पर्थचे संध्याकाळचे सामने आपल्याकडे साडेतीन-चारला येतात, तो फायदा वेगळाच.

भोंगा वाजला तरी लगेच उठू नका. भोंग्याआधी मार्क किंवा फ्री किक मिळाली असेल तर ती नंतर मारता येते. १९८७ च्या उपांत्य सामन्यात मेलबर्न जिंकल्यातच जमा होतं. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला लांबून किक होती. जिम स्टाइन्स नावाचा आयर्लंडहून आलेला पोरगा त्याच्यासमोरून आडवा पळाला, पंचाने शिक्षा म्हणून चेंडू पंधरा मीटर पुढे नेला, आणि भोंग्यानंतरच्या त्या किकवर हॉथॉर्न दोन गुणांनी जिंकलं. चार वर्षांनी तोच स्टाइन्स हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याला ब्राउनलो पदक मिळालं. सलग २४४ सामने खेळला तो, हा विक्रम २०२५ पर्यंत त्याचाच होता, मग कॉलिंगवूडच्या जॅक क्रिस्पने तो मोडला.

शेवटी थोडं पायाने. तिकडचा शेरिन चेंडू आपल्या बाजारात मिळत नाही, रग्बीचा घ्या, जळगावला खेळाच्या दुकानात सांगून मागवता येतो. गहू निघाला की रिकामी वावरं मिळतात, नाहीतर संध्याकाळी शाळेचं मैदान. चेंडू दोन्ही हातांत उभा धरा, टोकं वर-खाली. अंग थोडं पुढे झुकवा. उजव्या पायाने मारणाऱ्याने उजव्याच हाताने चेंडू खाली सोडायचा, उडवायचा नाही. पायाचा पंजा ताणलेला, आणि चेंडूचं खालचं टोक बुटाच्या नाडीवर लागलं पाहिजे. मग तो स्वतःभोवती मागे फिरत सरळ जातो. हँडबॉलला अंगठा मुठीच्या बाहेर ठेवा, आत ठेवलात तर दुखावेल. सुरुवातीचे काही दिवस लांबी बघू नका, समोरच्याच्या छातीवर वीस पावलांवरून चेंडू पोहोचतोय का एवढंच बघा. आणि एकाने किक मारायची तेव्हा दुसऱ्याने उभं राहायचं नाही, पळायचं, मोकळ्या जागेकडे.