ट्राउटचा हात खाडीत चालत नाही! फ्लाय फिशिंगमधल्या या चुका टाळा

पाऊस ओसरला की मला फोन यायला लागतात. कुणीतरी उन्हाळ्यात हिमाचलला जाऊन आलेलं असतं. तीर्थनच्या काठी गाइडच्या हाताखाली दोन ट्राउट लागलेले असतात, परत आल्यावर रॉड मागवलेला असतो, आणि आता मालवणात जिताडा हवा असतो. तोही दिवाळीच्या सुट्टीत, दोन दिवसांत.

मी नाही म्हणत नाही. बरोबर नेतो. पण वर्षानुवर्षं उन्हाळ्यात तीर्थन आणि थंडीत कर्लीची खाडी असं करत आल्यामुळे कोण कुठे चुकणार हे मला आता गाडीतून उतरतानाच कळतं. चुका नवीन नसतातच. माणसं तेवढी नवीन असतात.

मासा घेतला की काठी वर!

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी हिच्याबद्दल.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो आणि वाहत आलेली माशी, म्हणजे हुकाला पिसं बांधून केलेला नकली किडा, टिपतो. हूक बारीक, तोंड मऊ. रॉडचं टोक हलकेच वर उचललं की काम झालं. हिमाचलात पहिल्याच दिवशी हे शिकवतात आणि दोन-चार मासे लागले की ते हातात मुरतं.

खाडीतला जिताडा किंवा तांबोशी असं खात नाही. तो माशीच्या मागे येतो, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो आणि वळतो. तोंड कडक, हूक जाड. अशा वेळी रॉड वर केला तर दोन गोष्टी होतात. रॉडचं लवचीक टोक सगळा जोर स्वतःच पिऊन टाकतं, हुकापर्यंत काही पोचत नाही. आणि माशी त्याच्या तोंडासमोरून दोन-तीन मीटर उडते. मासा बिचारा बघत राहतो. इथे रॉड माशाकडे रोखलेलाच ठेवायचा आणि डाव्या हाताने लाइन सरळ, लांब, जोरात मागे खेचायची. इंग्रजीत याला स्ट्रिप स्ट्राइक म्हणतात, आम्ही नुसतं 'खेच' म्हणतो. यात मासा चुकला तरी माशी फूटभरच पुढे सरकते, त्याच्या नजरेसमोरच राहते, आणि बरेचदा तो पुन्हा येतो.

पुण्याच्या एका मित्राला हे सगळं मी गाडीत सांगितलं. त्याने मानही डोलावली. देवबागला, जिथे कर्ली समुद्राला मिळते तिथे, त्रयोदशीच्या सकाळी उभे राहिलो. दहाच्या सुमारास पाणी उतरायला लागलं, खडकाच्या कडेला बारीक बोयटी उडायला लागली, म्हणजे खाली कुणीतरी होतं. पहिला दणका बसला आणि याचा रॉड सरळ आभाळाकडे. गेला. मी काही बोललो नाही. दुसरा दणका, पुन्हा आभाळ. तिसऱ्या वेळी तर माशाची चंदेरी कूस दोघांनी पाहिली. चांगला हातभर जिताडा. रॉड वर, माशी हवेत, आणि ती येऊन माझ्या टोपीत रुतली.

बाजूला एक म्हातारे गाबीत मच्छीमार पाग (फेकायचं जाळं) झाडत उभे होते. बराच वेळ गंमत बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाले, "मासो इललो मा रे? मगे काठी कित्याक वर केलंस? तेच्या तोंडातला तूच काढून घेतलंस!"

मी अर्धा तास घालून जे समजावलं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

माझा यावरचा उपाय पुस्तकी नाही. रॉडची मूठ सरळ काखेत दाबायची आणि लाइन दोन्ही हातांनी, गाईचं दूध काढल्यासारखी, आळीपाळीने ओढत राहायची. रॉड काखेत अडकलेला असला की तो वर करायची सोयच उरत नाही. नवशिक्याला मी पहिला तासभर असंच उभं करतो. पुढची कास्ट, म्हणजे फेक, करायला थोडा वेळ लागतो, दिसायलाही ध्यान दिसतं, चालेल. शिवाय आदल्या रात्री ओसरीवर लाइनचं टोक मी धरून बसतो, मध्येच हिसका देतो आणि समोरच्याने खेचायचं. पन्नास वेळा. लोकांना कंटाळा येतो. व्हिडिओ बघून हे येईल असं त्यांना वाटत असतं. डोळ्यांना येतं, हाताला येत नाही.

लांब फेकायची हौस

आता वरच्या नदीची, म्हणजे तीर्थनवरची, चूक.

साध्या गळात शिशाचं वजन दोरीला ओढत नेतं. फ्लायमध्ये माशी पिसांची, तिला वजन कसलं! वजन असतं ते जाड लाइनमध्ये, आणि ती लाइन मागे पूर्ण उलगडल्याशिवाय पुढे जायला तयार नसते. घाई झाली की चाबकासारखा 'सट्' असा आवाज येतो आणि माशी तुटून मागच्या झुडपात जाते. तो आवाज आला की मी न बघता नवीन माशी काढून ठेवतो. मागे गेल्यावर थांबा. एक श्वास. मग पुढे. घड्याळाचे दहा आणि एक, या दोन काट्यांमध्येच रॉड फिरवायचा, त्याहून मागे पाडायचा नाही. गावातल्या मैदानावर हुकाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून सराव करा. पोरं "काका, पतंग कुठाय?" म्हणून विचारतील. विचारू देत.

पण खरी गंमत पुढे आहे. थोडी कास्ट जमली की प्रत्येकाला ती लांब हवी असते. तीर्थन ही काही मैदानी नदी नव्हे. धोंड्यांतून उड्या मारत जाणारं पाणी, पाच-सात मीटरच्या पुढे लाइन टाकली की मधल्या तीन वेगवेगळ्या धारा तिला तीन दिशांना ओढतात आणि माशी पाण्यावर रेघ मारत पळते. खरा किडा असा पळत नाही. ट्राउटला तेवढं कळतं. लाइन पडल्याबरोबर तिचा पोट धरलेला भाग रॉडने उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचा, याला मेंडिंग म्हणतात. त्याहून सोपं म्हणजे जवळ जा, थोडीच लाइन टाका आणि बाकीची पाण्याच्या वर उचलून धरा.

पहिल्या वर्षी मी स्वतः काय केलं होतं? नवेकोरे वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) चढवले आणि थेट मांडीभर पाण्यात शिरलो. पलीकडच्या काठाखालचं हिरवं पाणी मला खुणावत होतं. तासभर फेकलं. काही नाही. गाइड काठावर बिडी ओढत बसला होता. मी बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "भाईजी, मछली वहीं थी, जहाँ आप खड़े थे." मी ज्या धोंड्याला टेकलो होतो त्याच्या मागच्या संथ पाण्यातच ब्राउन ट्राउट असतात. जोराची धार जिथे संथ पाण्याला घासते, त्या शिवेवर. खाणं धारेतून येतं, उभं राहायला श्रम पडत नाहीत. तेव्हापासून बूट ओले करायच्या आधी मी काठावरून पायाजवळचं पाणी धुंडाळतो, मग पुढचं. आणि खालून वर चढत जातो, कारण माशाचं तोंड वर असतं, पाठ आपल्याकडे.

(जाता जाता. हा मासा मूळचा आपला नाही. काश्मीरमध्ये ब्रिटिशांनी परदेशातून अंडी मागवून तो रुजवला आणि १९०९ च्या सुमारास हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याने तिथून कुलूत आणला. शंभरावर वर्षं हिमालयात काढली तरी माणसांवरचा त्याचा संशय काही गेलेला नाही.)

पाण्याची वेळ न बघणं

"सकाळी किती वाजता येऊ?" हा प्रश्नच चुकीचा. खाडीत घड्याळ चालत नाही, तिथी चालते. आमच्याकडचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, त्रयोदशीला पावणेदहा. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघावीच, पण घरबसल्या अंदाज येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी जोरात ये-जा करतं. अष्टमीकडे भांग, पाणी सुस्त. मला उतरतं पाणी आवडतं. तिवरांत शिरलेली बारीक मासळी त्यावेळी बाहेर लोटली जाते आणि जिताडा तोंडाशी वाट बघत असतो.

यात एक गोष्ट मासळीची नाही, जिवाची आहे. ओहोटीला चालत गेलेला खडक भरतीला बेट होतो. मी परतीच्या वेळेचा गजर फोनवर लावतो आणि तो वाजला की, मासा समोर उडत असला तरी, निघतो. वरच्या नद्यांमध्ये हेच धरणाच्या पाण्याचं. जून २०१४ मध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. तीर्थन त्याच लारजीला बियासला मिळते. धरणाच्या खालच्या अंगाला पात्रात उतरून फोटो काढणाऱ्यांशी मी भांडतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

वारा

पहाटे जमिनीकडून मतलई वाहतो तोवर उरकून घ्या. दुपारी खारा वारा सुटला की उजव्या हाताने फेकणाऱ्याच्या उजवीकडून तो लाइन अंगावर आणतो. माझ्या उजव्या कानाच्या पाळीत एक खूण आहे, ती डूल घालायची नव्हे. त्या दिवशी हुकाचा काटा मी आधीच पक्कडीने चेपला होता म्हणून मागच्या मागे सुटला, नाहीतर मालवणच्या दवाखान्यात टाका होता. तेव्हा काटा चेपाच. चष्माही घाला, पोलराइज्ड. पाण्यातलं दिसतंही आणि डोळाही वाचतो.

आणि सैल लाइन पायात पडू देऊ नका. खडकावरच्या कालवांत ती अडकते आणि कापली जाते. ती गोळा करायच्या विकतच्या टोपल्या महाग मिळतात. मी भाजी धुवायची प्लास्टिकची जाळीदार टोपली कमरेच्या पट्ट्याला बांधतो. सगळा किनारा हसतो.

मीठ

घरी आल्यावर आधी रॉड-रीलची आंघोळ, मग आपली. गोड्या पाण्याने, मंद धारेने. जोराची पिचकारी मारली तर मीठ उलट रीलच्या आत जातं. ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल करून ठेवायचा, लाइन आणि तिच्यामागचं बॅकिंगही धुवायचं, आणि ओलं सामान पिशवीत कोंबायचं नाही. ट्राउटसाठी घेतलेलं पाच नंबरचं नाजूक रील खाडीत नेऊन पंधरा दिवस डिकीत विसरलेल्या एका गृहस्थांनी ते मला दुरुस्तीला दिलं होतं. दांडा फिरेना. आत हिरवी पूड झालेली. मी ते परत केलं, पेपरवेट म्हणून वापरा म्हणालो. ते रागावले. खाऱ्या पाण्याला आठ नंबरचा रॉड आणि ड्रॅग बंदिस्त असलेलं रील लागतं. पैसे नसतील तर थांबा, जमवा.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

गाठ आवळण्याआधी थुंकी लावा. कोरडी आवळली की घर्षणाने तापते आणि तिथेच तुटते.

जिताड्यासाठी लीडरच्या (लाइन आणि माशी यांच्यामधल्या बारीक दोरीच्या) टोकाला जाड तुकडा हवाच. त्याचं तोंड कानशीसारखं खरखरीत, आणि कल्ल्याच्या झाकणाची धार ब्लेडची. कल्ल्यात बोटं घालून फोटो काढू नका.

केंड (फुगणारे मासे) लागायला लागले की जागा बदला. माशीही जाते, लीडरही.

वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, फरफटत न्या. खाली पाकट असेल तर तो निघून जातो. उचलून टाकलेला पाय थेट त्याच्या पाठीवर पडतो, आणि शेपटीचा काटा विसरता येत नाही.

ट्राउटला कोरड्या हाताने धरू नका, अंगावरचा बुळबुळीतपणा जातो आणि मासा नंतर मरतो. उन्हाळ्यात पाणी वीस अंशांच्या वर गेलं तर रॉड गुंडाळा. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट बंद असतो, आणि बाकीच्या वेळीही परवाना लागतो. 'कोण बघतंय' म्हणणाऱ्याला मी पुन्हा नेत नाही.

मोठा जिताडा सोडा. तो आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे सगळ्यात मोठी असते ती अंड्यांनी भरलेली आई. ताटात लहानही तेवढाच गोड लागतो.

राहता राहिला पुण्याचा मित्र. त्या सुट्टीच्या शेवटच्या सकाळी, रॉड काखेत दाबून, त्याने एक जिताडा लावला आणि हुकावरून सोडवून पाण्यात सोडलाही. पुढे थंडीभर तो दर महिन्याला येत राहिला, खेच अगदी पक्की झाली. मग मार्चमध्ये तो तीर्थनला गेला. संध्याकाळी फोन आला. पहिल्याच ट्राउटला त्याने डाव्या हाताने असा काही हिसका दिला होता की केसासारखं टिपेट (लीडरचं शेवटचं बारीक टोक) माशीसकट माशाच्या तोंडात राहिलं. दिवसभरात तीन वेळा.