वरणाचं पाणी आणि वाकलेले गुडघे: कुपोषणाच्या कामात या चुका टाळा

पालघर जिल्ह्यात, मोखाड्याच्या एका पाड्यावर एका आईने मला बाळाची वाटी दाखवली. स्टीलची, कडेला चेपलेली. आत पिवळं पाणी, तळाशी डाळीचे पाच-सहा दाणे. "ताई, वरण रोज देते. तुम्हीच सांगितलेलं ना." पोरगं अकरा महिन्यांचं, दंडाचा घेर ११.२ सेंटिमीटर, म्हणजे कुपोषण मोजायच्या पट्टीवर लाल, तीव्र कुपोषित. बाई खरंच बोलत होती. सहा महिने झाल्यावर "वरणाचं पाणी आणि पेज सुरू करा" असं आमच्यापैकीच कुणीतरी सांगितलं होतं, आणि ती पाच महिने इमानाने तेच करत होती.

त्यामुळे खालच्या चुकांमध्ये आयांच्या थोड्या आहेत, आमच्या जास्त. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या विळ्याने डंबा, म्हणजे चटके, देतात, त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. रोजच्या वाटीवर फारसं कुणी लिहीत नाही.

पातळ वाटी

बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिली मावतं. सात किलोचं बाळ म्हणजे दोनशे मिली, एक वाटी. ती पाण्याने भरली की बाळ तोंड फिरवतं आणि आजी म्हणते, झालं त्याचं.

चमच्यात घास घेऊन चमचा तिरका करून बघा. ओघळला, तर पातळ आहे. वरचं पाणी मोठ्यांच्या ताटात जाऊ द्या. तळाची घट्ट डाळ भातात बोटांनी कुस्करा आणि वर छोटा चमचाभर तेल घाला. त्या एका चमच्यात ४५ कॅलरी असतात. नाचणी तर या भागात घरचीच. ती भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की तिची खीर साध्या पिठाइतकी घट्ट होत नाही. म्हणजे त्याच वाटीत पीठ जास्त घालता येतं आणि बाळाला गिळायलाही सोपं जातं. साध्या पिठाचा गोळा होतो, मग आई पाणी ओतते, आणि पुन्हा तीच पिवळ्या पाण्याची गत.

सहा ते आठ महिन्यांत दिवसाला दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, मध्ये अंडं किंवा केळं, आणि अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू. सांगायला सोपं आहे. भाताच्या लावणीत आई उजाडताच जाते ती दिवेलागणीला येते. भरवायला घरी असते सात वर्षांची बहीण. मी कित्येक वर्षं "चार वेळा भरवा" हे आईला सांगून तक्त्यावर टिकमार्क करत होते. आता त्या पोरीला आणि आजीला समोर बसवते, एक वाटी त्यांच्याच हाताने कालवून घेते.

पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्याबद्दल एवढंच: जेवणाआधी दिला तर जेवण गेलं. चहात बुडवलेलं बिस्कीट त्यातलंच.

मोजमापातल्या चुका

वजनाचा काटा शून्यावर आणल्याशिवाय मूल टांगायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी लंगोट, स्वेटर, कमरेचा करदोटा आणि चांदीचा वाळा यांच्यासकट वजन होतं. पण जास्त घात लांबी मोजताना होतो.

दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवून मोजायचं असतं. ते रडतं, पाय आखडतं, गुडघे वाकतात. एकटी अंगणवाडी सेविका डोकं धरेल की पाय? लांबी दोन सेंटिमीटर कमी लिहिली जाते. आता गंमत बघा. उंचीच्या मानाने वजन तपासताना मूल आहे त्यापेक्षा बुटकं दिसलं, तर तेच वजन त्याला पुरेसं वाटतं. तीव्र कुपोषित मूल मध्यम श्रेणीत सरकतं, मध्यम असलेलं चक्क साधारणमध्ये. चूक गुडघ्याची, पण ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे गावातच अशा मुलांना आहार-उपचार मिळतात तिथे, दाखल व्हायचं राहतं ते मूल. लांबी मोजायला दोन माणसं हवीतच. दुसरी सेविका नसेल तर आईला डोकं धरायला लावा आणि गुडघे आपण दाबा.

दंडाची पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, त्वचेत रुतेल इतकी ताणायची नाही. ११.५ सेंटिमीटरखाली तीव्र, ११.५ ते १२.५ मध्यम. डोळ्यांच्या अंदाजाने "बरा दिसतोय" म्हणून पट्टी लावायचीच टाळणं, ही अनुभवी बायकांची चूक. मीही केलेली.

अंगावर सूज असलेलं मूल हमखास फसवतं. मागच्या महिन्यापेक्षा वजन वाढलेलं, गाल भरलेले, घरचे खूश. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून उचला. खड्डा राहिला तर वजनाचा आकडा विसरा आणि त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. ताप, सुस्ती, भूक मेलेली असेल तरीही तसंच, थेट दवाखान्यातलं पोषण पुनर्वसन केंद्र. भूक चांगली असलेलं, बाकी ठीक असलेलं तीव्र कुपोषित मूल मात्र गावातच सांभाळता येतं. सरसकट सगळ्यांना तालुक्याला पिटाळलं की पुढच्या वेळी त्या घराचं दार उघडत नाही.

आणखी एक घोळ शब्दांचा. वयाच्या मानाने वजन कमी, उंचीच्या मानाने वजन कमी आणि वयाच्या मानाने उंची कमी, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं पहिल्या, २५.६ टक्के दुसऱ्या आणि ३५.२ टक्के तिसऱ्या गटात होती. एकच मूल तिन्हींत असू शकतं. खुजं मूल लुकडं दिसतंच असं नाही, म्हणून "आमच्यात सगळेच लहान चणीचे" यावर विषय संपतो.

आईकडे उशिरा बघणं

त्याच पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय होता. लोहाच्या गोळ्या गरोदरपणात १८० आणि बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या वाटल्या जातात. गिळल्या जातात का, ते पत्र्याच्या डब्यात बघावं. न घेण्याची कारणं विचारली तर कळतात: मळमळ, काळी शौच, आणि "गोळीने बाळ मोठं होतं, मग अडतं" ही भीती. शौच काळी होणारच, हे आधी सांगितलं तर निम्मी भीती जाते. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, कॅल्शियमबरोबर तर नाहीच, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवायचं. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर.

आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. चूक अशी की ते डब्यात बांधून घरी जातं आणि चार ताटांत वाटलं जातं. बाईला रागावून उपयोग नाही. घरात तीन पोरं असताना ती एकटी अंडं खाईल कशी? एका अंगणवाडीने जेवणाची वेळ रानात जायच्या आधीची केली आणि बायका तिथेच बसून जेवू लागल्या.

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात अंगावर. चीक पिळून फेकायचा नाही, मध-गुटी नाही, आणि सहा महिने पाण्याचा थेंबही नाही, मे महिन्यातसुद्धा. जुलाब लागले तर खाणं बंद करू नका. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच कालवा, पेल्यात अंदाजाने नाही. झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी.

दिवाळीनंतरची गैरहजेरी

दिवाळी झाली की इथली माणसं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात. हजेरीपटावर मुलापुढे "स्थलांतरित" लिहिलं की आपल्या लेखी प्रश्न सुटतो. उपचार अर्ध्यावर सोडून गेलेल्या मुलासाठी प्रश्न तेव्हा सुरू होतो: भट्टीवर काम पहाटे अंधारात सुरू होतं आणि बाळ विटांच्या आडोशाला झोळीत.

म्हणून दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांची वजनं घ्या. कार्डाचा फोटो बापाच्या मोबाइलमध्ये काढून द्या, भट्टी कुठल्या गावाजवळ आहे आणि मुकादमाचा नंबर काय ते लिहून घ्या, तिथल्या सेविकेला फोन करा. आहार त्या गावच्या अंगणवाडीतही मिळतो, हे आईला माहीत नसतं, सांगा. आणि ती होळीला परत येईल तेव्हा "कुठे गेली होतीस" हे विचारण्याआधी बाळाच्या दंडाला पट्टी लावा.