नर्सिंगच्या मास्टर्सआधी क्लेप: कुठे चालते, कुठे अडते

नर्सिंगची पदवी नसलेल्यांसाठी अमेरिकेत डायरेक्ट-एन्ट्री एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स पदवी) असतं. मूळ पदवी कशाचीही चालते, घोडं अडतं ते प्रीरिक्विझिटपाशी, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करून यायच्या विषयांपाशी. अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, ह्युमन डेव्हलपमेंट, न्यूट्रिशन ही नेहमीची यादी, शाळागणिक थोडी इकडची तिकडे. भारतातून बीकॉम किंवा इंजिनिअरिंग करून गेलेल्यांकडे यातलं बरंचसं नसतं. प्रत्येक विषयापायी कम्युनिटी कॉलेजात एक सेमिस्टर घालवण्याऐवजी काही विषय परीक्षा देऊन उरकता येतात. काहीच, सगळे नाही.

कॉलेज बोर्ड या अमेरिकी परीक्षा संस्थेची क्लेप (कॉलेज-लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्रॅम) ही त्यातली जास्त ओळखीची परीक्षा. इंट्रोडक्टरी सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी आणि ह्युमन ग्रोथ अँड डेव्हलपमेंट हे तीन पेपर आपल्या कामाचे. प्रत्येक 90 मिनिटांचा, कॉम्प्युटरवर, बहुपर्यायी. गुण 20 ते 80 या पट्टीवर मिळतात आणि बहुतेक कॉलेजं 50 ला क्रेडिट देतात, म्हणजे तो विषय पूर्ण झाला असं धरतात. हे 50 म्हणजे पन्नास टक्के नव्हेत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. ह्युमन ग्रोथच्या पेपरात पियाजे, एरिक्सन, कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेले वाढीचे टप्पे वयासकट पाठ हवेत. आपली मंडळी बालपणावरच थांबतात. प्रश्न मात्र म्हातारपणापर्यंत जातात.

स्टॅटिस्टिक्सचा पेपर क्लेपमध्ये नाही, तो डीएसएसटी या क्लेपसारख्याच दुसऱ्या परीक्षेत आहे. तिथे 200 ते 500 ची पट्टी, पास 400 ला. अॅनाटॉमी आणि मायक्रोबायोलॉजी क्लेपमध्ये नाहीतच. केमिस्ट्री आहे, पण लॅब नाही, आणि नर्सिंग शाळेला बहुधा लॅबसकट केमिस्ट्री हवी असते. तो पेपर उत्तम गेला तरी वाया जायची भीती, म्हणून लॅबचे विषय सरळ कॉलेजातच करा.

फी भरण्याआधी अॅडमिशन ऑफिसला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. ‘क्लेप चालते का?’ एवढंच विचारलंत तर ‘हो’ येईल आणि त्याचा उपयोग शून्य. विचारायचं असं: ह्युमन ग्रोथची क्लेप तुमच्या लाइफस्पॅन डेव्हलपमेंटच्या प्रीरिक्विझिटला चालते का, किमान गुण किती, लेटर ग्रेड (ए, बी वगैरे) लागते का, आणि क्रेडिट दुसऱ्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) चढलेलं हवं की कॉलेज बोर्डाचा निकाल पुरे? शेवटच्या दोन प्रश्नांवरच बरेच अर्ज लटकतात. क्लेपला ग्रेड नसते, नुसतं क्रेडिट. त्यामुळे जीपीए (ग्रेडची सरासरी) खाली येत नाही, वरही जात नाही. प्रीरिक्विझिटमध्ये किमान बी मागणाऱ्या शाळेला ते पुरत नाही. आणि जीपीए मुळातच लंगडा असेल, तर परीक्षेऐवजी वर्गात बसून ए मिळवणं जास्त फायद्याचं.

खर्चाचं सांगायचं तर क्लेपची फी शंभर डॉलरच्या आसपास असते. परीक्षा घेणारं सेंटर आपली फी वेगळी घेतं. मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा फुकट ऑनलाइन कोर्स पूर्ण केला, तर ते परीक्षेच्या फीचं व्हाउचर देतात. निकाल कुठे पाठवायचा ते परीक्षेच्या वेळीच निवडलं तर पहिली प्रत फुकट जाते, नंतर पैसे पडतात.

नावाचा घोळ आपल्याकडे खास. पासपोर्टवर नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव मधे, लग्नानंतर बदललेलं आडनाव, आणि नोंदणीत घाईघाईने टाकलेलं अर्धंच नाव. सेंटरवर ओळखपत्राशी जुळलं नाही तर परत पाठवतात. पासपोर्टवर जसं छापलंय तसंच टाका.

क्लेपमध्ये नापास झाल्यास तोच पेपर पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं. अर्जाची मुदत डिसेंबरात असेल तर पहिला प्रयत्न ऑगस्टच्या आत उरका. नाहीतर दुसऱ्या प्रयत्नाचा निकाल ट्रान्सक्रिप्टवर चढेपर्यंत खिडकी बंद झालेली असते.